दादाच्या गाडीतला माझा फिल्टर

दादाच्या पिकअपचा एक एअर फिल्टर माझ्या पुस्तकांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलेला आहे. लाल रंगाचा, कापडी जाळीचा. तो मीच आणला होता. दादाला जाऊन पाच महिने झाले. या फिल्टरबद्दल लिहायला मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. अनसिंगजवळच्या आमच्या गावातून तो पिकअपने माल वाहायचा. सोयाबीन, तूर, हळद, लग्नाचं सामान. मी वाशिमला राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो, शनिवारी गावी येतो. याच्या गाडीत काचेचं कपाट ठेवा, तडा जाणार नाही, असं लोक त्याच्याबद्दल सांगायचे. नाजूक काही न्यायचं असलं की कारंज्यापर्यंतचे लोक त्यालाच बोलवायचे.

सोयाबीनच्या दिवसांत गाडी थ्रेशरजवळ उभी राहते आणि कुटाराची, म्हणजे भुश्याची, धूळ सगळीकडे शिरते. म्हणून दादा रोज सकाळी बॉनेट उघडून कंपनीचा कागदी फिल्टर बाहेर काढायचा, टायरवर हलकेच आपटायचा आणि उन्हाकडे धरून पाहायचा. घड्यांमधून उजेड दिसला की परत बसवायचा. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी आठवडाभर मोबाइलवर वाचत बसलो होतो. धुऊन पुन्हा वापरता येणारा कापडी फिल्टर लावला की गाडीला ओढ येते, ॲव्हरेज वाढतं, असं जागोजागी लिहिलेलं होतं. लिहिणारे बहुतेक तेच फिल्टर विकणारे होते. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. आलं, आणि मी पुढे वाचत राहिलो.

दिवाळीच्या सुट्टीत मी तो घेऊन गेलो.

"आता रोज उघडायचा नाही. दहा महिने हात लावायचं काम नाही," मी म्हणालो.

दादाने तो सवयीने उन्हाकडे धरला. "अबे, याच्यातून तं लयच उजेड दिसून राह्यला."

"मग? हवा जास्त जाते."

"हवा जाईन तं धूळ नाई जाईन काय?"

"दादा, मी वाचलंय."

"बरं बाप्पा. तू वाचलं तं बरोबरच असन."

त्याची शाळा आठवीत सुटली होती. माझ्या वाचण्यावर माझ्यापेक्षा त्याचाच जास्त भरवसा होता.

मग मी प्रयोग केला. टाकी फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा टाकी फुल करायची. सोयाबीन वाहताना गाडी लिटरला अकरा द्यायची. नवा फिल्टर लावल्यावर साडेतेरा दिले. मधल्या काळात सोयाबीन संपून लग्नसराई लागली होती आणि गाडीत पोत्यांऐवजी मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. प्रयोगात एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, हे मी सातवीच्या वर्गाला शिकवतो. तरी फाट्यावरच्या हॉटेलात वही उघडून मी सगळ्यांना साडेतेराचा आकडा दाखवला. चहा पिणारे ड्रायव्हर, हमाल, खुद्द हॉटेलवाला, सगळ्यांना. दादा शेजारी बसून मान हलवत होता.

फाल्गुनात हळद सुरू झाली. गाडी भरून पोती जायला लागली आणि आकडा पुन्हा अकरावर आला.

"काय मास्तर," हॉटेलवाल्याने भर गर्दीत विचारलं, "तुमचा फिल्टर झोपला काय?"

लोक हसले. माझे कान तापले.

"फिल्टरला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "दादाचाच पाय जड झालाय, ॲक्सिलरेटर जास्त दाबतो. वय झालं आता त्याचं."

हसणं माझ्यावरून उठून दादाकडे गेलं. "घ्या! काचवाल्याचा पाय जड झाला!" कोणीतरी ओरडलं. दादाही हसला. त्याने एकदा आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, "असन बा."

त्या दिवसापासून हॉटेलात त्याला जडपाय म्हणू लागले. "या जडपाय, बसा." दर शनिवारी मी ते ऐकायचो. एकदाही कोणाला थांबवलं नाही. फिल्टर कसा आहे, असं विचारलं की दादा म्हणायचा, "मस्त हाय."

आषाढात एका सकाळी त्याच्या छातीत दुखू लागलं. वाशिमला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मागच्या महिन्यात वहिनींनी गाडी विकायचं ठरवलं. विकण्याआधी दाखवून घ्यावी म्हणून मी ती दादाच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे वाशिमजवळच्या मालेगावला नेली. "फिल्टर चांगला टाकलेला आहे," मी आपण होऊन सांगितलं. मिस्त्रीने डबा उघडला. आत कागदी फिल्टर होता.

"तुमाले मालूम नाई?" त्याने सीटमागून कागदात गुंडाळलेला लाल फिल्टर काढून माझ्या हातात दिला. "हळदीच्या टायमालेच काढला त्यायनं. फिल्टरच्या पल्याड पाइपात बोट फिरवलं तं पिवळं निघालं. हळद आत जाऊन राह्यली होती."

"आणि ॲव्हरेज?"

"त्याले फिल्टर काय करन? वझं असलं का कमी, गाडी हलकी असली का जास्त."

मी कागद उलगडून फिल्टर पाहिला. मग विचारलं, "दादाचा पाय जड झाला होता का?"

मिस्त्रीने माझ्याकडे नीट पाहिलं. "तीन वर्सं झाले, या गाडीची क्लचप्लेट नाई बदलली मी. जड पायाच्या मानसाची वर्सभर टिकत नाई."

पुढच्या शनिवारी मी फाट्यावरच्या हॉटेलात गेलो. तीच माणसं होती. सांगायचं ते वाटेत चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. मी उभ्यानेच म्हणालो की माझ्या फिल्टरने काहीही वाढलं नव्हतं, उलट धूळ आत जात होती, आणि दादाच्या पायाबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं.

"बसा मास्तर," हॉटेलवाला म्हणाला. "आमाले मालूम हाय."

"कधीपासून?"

"तवाचंच. पिवळं बोट त्यानं इथंच दाखवलं आमाले. अन म्हने, मास्तरले कोनी काई म्हनाचं नाई. मले काय म्हनाचं ते म्हना."

"मग जडपाय का म्हणत होतात त्याला?"

तो काउंटरवरचे ग्लास पुसत राहिला. "तुमी असले तवाच म्हनाचो. एकदम बंद केलं असतं तं तुमाले शक आला असता, म्हने तो."

मी बसलो. हाच तो बाक. हळद संपल्यापासून आषाढापर्यंत कितीतरी शनिवार याच बाकावर वही उघडून मी याच लोकांना कापडी जाळीतून हवा कशी जाते ते समजावून सांगत होतो. ते ऐकून घेत होते. दादा शेजारी बशीतला चहा फुंकत मान हलवत होता.