पंच्याच्या गाठी

काका अपमान विसरायचे नाहीत. खांद्यावरच्या पंच्याच्या दशांना गाठ मारून ठेवायचे. एक अपमान, एक गाठ. बदला घेतला की गाठ सोडायची, आणि सोडताना तोंडावर असं समाधान की जणू पायातला काटा निघाला. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या एका सरकारी विश्रामगृहात ते वेटर होते आणि माझे वडील स्वयंपाकी, दोघे एकाच गावचे.

एक साहेब त्यांना चुटकी वाजवून, "ए बुढ्ढे" म्हणून बोलवायचे. काकांनी गाठ मारली. त्यानंतर ते साहेब जेव्हा जेव्हा उतरले, तेव्हा तेव्हा त्यांच्या चहावर ओठाला चिकटणारी जाड साय. तक्रार तरी कशाची करणार? "चिमटा असा काढावा," काका म्हणायचे, "की ओरडता येऊ नये." साहेबांनी येणं बंद केलं त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर गाठ सोडली. क्षमा करणारी माणसं मोठी असतात असं मी पुढे बरंच वाचलं. असतील. माझं शिक्षण न विसरणाऱ्या माणसाच्या हाताखाली झालं आणि आमच्या घराण्यातली पहिली पदवी मीच घेतली.

माझी गाठ वयाची. आमच्या वाशीमकडच्या गावात वयाची परीक्षा कानाने व्हायची. हात डोक्यावरून नेऊन दुसऱ्या कानाला लागला की मूल सहा वर्षांचं झालं. माझे हात लांब, गुरुजींना पटसंख्या भरायची घाई. चौथ्या वर्षीच कान सापडला. गुरुजींनी सहा वर्षं आणि तारीख एक जून लिहून टाकली. नाव पटावर, मी अंगणात. खरी शिकायला बसले ती दोन वर्षांनी. आई गेल्यावर वडिलांनी मला दिल्लीला आणलं तेव्हा माझी तिसरी झाली होती. वय नऊ, दाखल्यावर अकरा.

शाळेच्या मोठ्या मॅडमसमोर वडील हात जोडून उभे राहिले. "मॅडम, बच्ची नौ साल की है. चौथी में डाल दो."

नियम होता, वयाप्रमाणे वर्ग. मॅडमनी दाखला बोटाने आमच्याकडे सरकवला. "इसमें ग्यारह लिखा है. कागज़ झूठ बोलता है या आप?"

वडिलांनी मान खाली घालून दाखला उचलला. ज्या माणसाच्या हाताखालचे चार आचारी चळाचळा कापायचे, तो माणूस. मला सहावीत बसवलं.

सहावीतल्या मुली मला बच्चा म्हणायच्या. मी जवळ गेले की त्यांचं कुजबुजणं थांबायचं. "चल हट, तेरे सुनने की बात नहीं है." दप्तरं सांभाळायला मात्र मीच. कंटाळून एकदा चौथीच्या मुलींत ठिकरी खेळायला गेले. त्या माझ्याच वयाच्या, माझ्याच उंचीच्या. तर सगळ्या "नमस्ते दीदी" म्हणून भिंतीला लागून उभ्या राहिल्या. माझ्या वयाच्यांना मी दीदी आणि माझ्या वर्गाला मी बच्चा. हजार मुलांच्या त्या शाळेत माझ्या बरोबरीचं कोणी नव्हतं.

ते मी पँट्रीत रडत सांगितलं. काकांनी कपबशी खाली ठेवली आणि पंच्याची एक दशी माझ्या हातात दिली. "मार गाठ. घट्ट मार. वय म्हणजे का रताळं आहे, उकरून पाहाले?" मग खोल्यांमधून गोळा केलेली हिंदी वर्तमानपत्रं पुढ्यात टाकली. "वाच. अडली तिथं थांब, मी आहो." दोन वर्षं रोज. दहा वर्षांची मुलगी आणि साठीला टेकलेला वेटर, एवढाच माझा वर्ग.

साठीला टेकलेला, कागदावर. कारण काकांचाही कान त्यांच्या वेळच्या गुरुजींनी असाच पाहिला होता आणि त्यांचीही तारीख एक जून. एकतीस मे रोजी त्यांना नारळ दिला, तेव्हा अंगात आणखी दोन वर्षांची नोकरी शिल्लक होती. निघताना त्यांनी धुतलेला पंचा मला दिला. सगळ्या गाठी सोडलेल्या, दोनच ठेवलेल्या.

"ही माही. गुरुजी मेले, आता कोणाले साय पाजू? ही सुटत नाही. ही दुसरी तुही. सोडशीन."

मी बी.ए. केलं, बी.एड. केलं. आता नोएडातल्या एका शाळेत शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत कागद तपासायला बसते. यंदा एक म्हातारी बाई नातवाला घेऊन समोर बसली. केस पांढरे झालेले, पण दाखला सरकवणारं बोट तेच. पहिलीसाठी पोराला चार दिवस कमी पडत होते.

"चार दिन की बात है, बेटा. बच्चा बहुत होशियार है, छह का ही समझो."

त्यांनी मला ओळखलं नाही. मी दाखला एका बोटाने परत सरकवला. "कागज़ में कम है, मॅडम. कागज़ झूठ बोलता है या आप?"

त्यांनी दाखला उचलून पर्समध्ये घातला. मग पोराचा हात धरून गेल्या. वडील आज हवे होते, एवढंच वाटलं.

घरी येऊन पंचा मांडीवर घेतला आणि गावी काकांना फोन लावला. "काका, सोडते गाठ!" सगळं सांगितलं. ते खूप हसले. मग म्हणाले, "थांब. ते पोरगं आता कुठी बसन?"

"केजीत. त्याच्याच वयाच्या पोरांत."

"मंग तू त्याचं भलंच केलं की वो. तुले जे पायजे होतं, ते त्याले देलं. याले बदला म्हणते का? अन् त्या बाईले काय लागलं? काही नाही. राहू दे गाठ."

मी दशीवरचं नख काढलं.

पुढच्या वर्षी त्या बाई येतीलच. पोरगं तेव्हा नियमात बसेल आणि प्रवेश मीच देईन. शाळेतल्या चहावाल्या भैयाला आत्ताच सांगून ठेवलंय. त्यांच्या कपातली साय काढायची नाही.