जवळा बाजारला टोपी आणायला गेलो होतो

टोपी आणायला मीच जातो, असं रग्बी क्लबाच्या सेक्रेटरीला छातीठोकपणे सांगितलं तेव्हा जवळा बाजार नकाशात कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षं झाली त्याला. पण टॅगर्ट साहेबाचं नाव निघालं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आमच्या वर्तमानपत्रातलं कुणीही सांगेल. खेळांवर मीच लिहितो तिथे.

ज्यांनी रग्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन्ही बाजूंचे पुढचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, आणि मागून चेंडू निघाला की तो घेऊन भलताच कुणीतरी पळतो. टाळ्या त्याला! टॅगर्ट हा रेटणाऱ्यांतला, रेटारेटीत एक कान कायमचा चुरगळलेला. स्कॉटलंडकडून सहा सामने खेळला, एकदाही गुण केला नाही, आणि सहाव्यात खांदा मोडून घेतला. मग कापसाच्या जिनिंगवर इंजिनिअर होऊन इकडे आला. पावसाळ्यात आमच्या मुंबईच्या मैदानावर खेळायला यायचा. मी कुंपणापाशी भिजत त्यालाच बघायचो. ढिगाखाली सापडलेल्याला आधी उठवायचा, मग स्वतः उठायचा. असला माणूस! देशाकडून खेळल्याबद्दल मिळालेली त्याची गोंड्याची टोपी क्लबाला काचेच्या कपाटात मांडायची होती. पत्रांना त्याचं उत्तर येईना, म्हणून मी निघालो.

जाणाऱ्यांनी मनमाडला गाडी बदलावी आणि निजामाचे हाली रुपये थोडे जवळ ठेवावेत. आपला कलदार रुपया घेतात, पण मोड द्यायला कुरकुरतात. परभणीहून मोटरचे बारा आणे पडतात, धूळ फुकट. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कापसाच्या गाड्यांनी रस्ता असा तुंबला होता की शेवटचे दोन मैल पायीच गेलो. पण वाटेत एका चुलीपाशी ज्वारीची भाकर, पिठलं आणि ठेचा खाल्ला, दोन आण्यांत. डोळ्यांतून पाणी आलं तरी तिसरी भाकर मागून घेतली.

पुढे एका गाडीवाल्याला साहेबाबद्दल विचारलं.

"जीनवाला साहेब? कान चुरगळलेला?" तो म्हणाला. "व्हय, हाय की. मागच्या साली भरली गाडी उतारावरून मागं येऊन राहिली होती. बैलं घसरून राहिली. ह्या गड्यानं पाठ लावली अन् गाडी थोपवली. एकल्यानं! तवापासून लंगडून राहिला."

साहेब सापडला तो भुवयांपर्यंत रुई चिकटलेला. मी टोपीचं काढलं तसा मोठ्याने हसला.

"टोपी? टोपी ड्यूटी पे है!"

मग त्याने सगळं सांगितलं. त्याच्या इंजिनाला तेल घालणाऱ्या सखारामची पहिली दोन लेकरं वर्षाच्या आत गेली. तिसरं तरी जगावं म्हणून घरच्यांनी ठरवलं की बाळाला घरचं काही घालायचं नाही, मागून आणलेलंच घालायचं. आणि डोक्याचं मागायचं तर ज्याच्या अंगात जोर आहे त्याच्याकडे. सखारामची बायको कौसाबाई साहेबाच्या दारात पदर पसरून उभी राहिली. याने खुंटीवरची टोपी काढून दिली.

"चाहिए तो तुम माँगो," साहेब म्हणाला. "हम नहीं माँगेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सखारामच्या घरी गेलो. झोळीत आठ महिन्यांची धोंडी. नजर लागू नये म्हणून दगडाधोंड्याचं नाव. डोक्यावर निळी मखमल, रुपेरी कशिदा, हनुवटीखाली लुगड्याच्या काठाची नाडी. गोंडा तोंडात! कसंबसं मी माझं काम सांगितलं. सखाराम भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

कौसाबाईने गोंडा पोरीच्या तोंडातून काढून पदराला पुसला. म्हणाली, "दुसऱ्याची चीज हाय. न्हाई कसं म्हनावं?" आणि नाडीची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना तशी तिने दात लावले.

"राहू द्या हो!" मी ओरडलोच.

"जावळ होईस्तवर?"

"होईस्तवर."

"मंग मी सोता धुऊन धाडीन. बराबर धाडीन."

ऑफिसचा पत्ता लिहून दिला आणि रिकाम्या हाताने परत आलो. सेक्रेटरी काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. साहेब महायुद्धाआधीच मायदेशी गेला. टोपी काही आली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. का, ते सांगतो. मला भीती वाटायची. विचारलं आणि पोर नाही असं कळलं तर?

गेल्या महिन्यात, हैदराबादकडची रझाकारांची गडबड निवल्यावर, ऑफिसात एक पार्सल आलं. उघडलं तर तीच टोपी. मखमल विटलेली, गोंडा अर्धा चावलेला, आत अस्तरावर सात रंगांच्या दोऱ्यांचे टाके. सोबत शाळेच्या वहीचा कागद होता.

"जावळ झालं. मंग शेजारीन मागाया आली, मंग तांड्यावरची आली. न्हाई म्हनता आलं न्हाई. जिचं लेकरू तिनं एक टाका घातला. सातीच्या सातीबी लेकरं खेळून राहिली. लई उशीर झाला, माफी असावी. पुसेगावची एक बाई इचारून गेली. तुमचं काम झालं असंल तर परत धाडा. आई सांगून राहिली, मी लिहून राहिले. धोंडी."

ते शेवटचं नाव मी तीनदा वाचलं आणि सगळ्या ऑफिससमोर चक्क रडलो.

क्लबाच्या कपाटातली ती जागा अजून रिकामी आहे. सेक्रेटरी आता नवे आहेत, त्यांना काही सांगायला मी गेलो नाही. दुपारी पोस्टात जाऊन टोपी पुन्हा बांधली आणि वर पत्ता घातला: धोंडी सखाराम, जवळा बाजार.