वीस रुपयांचा ड्रॅगन

रविवारी संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या अर्णवचं बोरनहाण होतं. आम्ही अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या बाजूला एका नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. अर्णव दीड वर्षाचा. त्याची आजी गावी, म्हणून बोरं ओतायचा मान माझ्या आईला मिळाला होता आणि आई सकाळपासून हवेत होती...

बायको माहेरी बदलापूरला गेलेली, त्यामुळे मी एकटाच आणि जरा उशिरा पोहोचलो. हलव्याचे दागिने घातलेला अर्णव पाटावर बसला होता. आई त्याच्या डोक्यावरून माप ओतत होती आणि बिल्डिंगमधली पोरं खाली पडेल ते लुटत होती. कुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, चॉकलेटं... आणि त्यातून एक निळा शिपाई गडगडत माझ्या पायाशी आला.

मी तो उचलून बघितला. तो शिपाई माझ्या मुलीचा, स्वराचा होता.

ज्यांच्या घरी हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीच्या गेमला एक गोल स्टँड जोडायचा, त्यावर बोटभर उंचीचा बाहुला ठेवायचा, की तोच बाहुला गेममध्ये जिवंत होतो. त्याच्या तळाशी चिप असते. मुलांनी खेळून जी काही ताकद कमावली ती सगळी त्या चिपमध्ये साठते, त्यामुळे हरवला की तेवढी मेहनतही गेली.

त्यात आता हे बाहुले नवीन येतच नाहीत. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका सिंधी दुकानदाराकडे जुने मिळतात आणि तो दर वेळी मला घाबरवतो, "साईं, ये माल अब आता नहीं. अगले हफ्ते ये भाव भी भूल जाओ." एका बाहुल्याच्या पैशात गॅसचा सिलेंडर येतो... ड्रॅगनच्या पैशात दोन. स्वराने वाढदिवसाची, भाऊबिजेची सगळी पाकिटं त्यात घातली होती. वर माझा ओव्हरटाइम.

आईला मात्र किंमत सांगताना मी कायम शून्यं खातो. "वीस रुपयाला एक, उल्हासनगरच्या फुटपाथवर," असं सांगून ठेवलं होतं. खरा आकडा कळला असता तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

तर आईने काय केलं... लूट कमी पडू नये म्हणून घरात पडलेली वीस रुपयांची खेळणी, अख्खा डबा रिकामा करून, मापात मिसळली. चूक तरी कुणाची म्हणायची?

मी सरळ गुडघ्यावर बसलो आणि पोरांच्या घोळक्यात घुसलो. बायका हसायला लागल्या. "दादा, तुम्हालाही नहाण घालायचं का?" मी दात काढून हसलो, पण शिपाई सोडून हाताला एकही लागला नाही. बाकीचे खिशात घालून पोरं बघता बघता पसार झाली, आणि ड्रॅगन... ड्रॅगन अर्णवच्या मुठीत होता. तो त्याची शेपटी चावत होता.

तेवढ्यात स्वरा ड्रॉइंग क्लासवरून आली. दहा वर्षांची पोर, दारातच थांबली. आई कौतुकाने म्हणाली, "अगं, तुझी ती खेळणी वाटली बघ! किती आवडली सगळ्यांना!"

स्वराला खरी किंमत पाठ होती. भरल्या घरात तिने ती सांगितली असती तर आईला तोंड लपवायला जागा उरली नसती. स्वराने एकदा आजीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे... आणि काही न बोलता घरी निघून गेली. घरी जाऊन बघतो तर बाथरूमचं दार बंद, आत नळ चालू.

ती जेवेना तेव्हा आईने मला विचारलं. सांगितलं सगळं... आकड्यासकट. आता तोफ सुटणार म्हणून मी मान खाली घातली. आईने स्वराचं ताट झाकून ठेवलं.

मग म्हणाली, "ओरडले असते रे मी. पण त्या डब्याला हात तरी लावला असता का?"

उठली, साडी बदलली, तिळगुळाच्या लाडवांचा डबा भरला. सणाचं दिलेलं परत मागू नये, हे मला लहानपणापासून तिनेच शिकवलंय. ती बाई प्रत्येक दारात उभी राहिली. "माझी चूक झाली, नातीला विचारलंच नाही मी..." आणि लाडू पुढे. मी मागे पिशवी धरून. जमीन दुभंगावी असं वाटत होतं. कुणी लगेच दिलं, एका घरी पोराने भोकाड पसरलं, एका बाईने तोंड वाकडं केलं. आईने सगळं ऐकून घेतलं.

शेवटचं दार अर्णवचं. स्वरा कधी मागे येऊन उभी राहिली कळलंच नाही. अर्णव झोपला होता, ड्रॅगन छातीशी घट्ट. आई तोंड उघडणार तोच स्वराने तिचा पदर ओढला. "राहू दे आजी. झोपू दे त्याला."

घरी येऊन आई सोफ्यावर टेकली. डोळ्यावरचा चष्मा काढून हातात धरला, उलटसुलट करून बघितला. "आणि हा? हा खरंच चारशेचा आहे?"

मी खरा आकडा सांगितला.

मग चष्म्यापाठोपाठ गुडघ्याच्या पट्ट्यांचे, गादीचे, दर महिन्याच्या गोळ्यांचेही खरे आकडे बाहेर निघाले. तेव्हापासून आई ओरडतेय... आणि खरं सांगू? मी मुकाट ऐकून घेतोय. बऱ्याच वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.