उलटे पाय

लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. मी नाचणगावात शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दुपारी थोरल्या जावेबरोबर पुलगावच्या टॉकीजला जायची. त्या दिवशी देवादिकांचा सिनेमा होता. मध्यंतरानंतर पडद्यावर अचानक पुढच्या आठवड्यातल्या भुताच्या सिनेमाचे तुकडे सुरू झाले. ट्रेलर हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. आम्ही ‘नमुना’ म्हणायचो. एक दार करकरलं. पांढऱ्या लुगड्यातली बाई पाठमोरी चालत गेली. दिवा विझला आणि अशी किंकाळी आली की आम्ही साऱ्या बाया पाय वर घेऊन बाकांवर बसलो.

परतताना जाऊबाई म्हणाल्या, "पाय पाह्यले का वं तिचे? उलटे होते."

"हो, मलेबी दिसले," मी म्हणाले. खरंच दिसले होते.

आमच्या गल्लीत एक विधवा काकू राहायच्या. पांढरं लुगडं नेसायच्या, देवाच्या वाती वळून घरोघरी द्यायच्या. दोन दिवसांत उलट्या पायांची गोष्ट गल्लीभर झाली. मग एका भर दुपारी काकू गल्लीतून येताना दिसल्या. मी उंबऱ्यात उभी होते. त्यांनी हाक मारायच्या आत मी दार लावून कडी घातली. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या घराचंही दार बंद. वातींची पुडी हातात तशीच घेऊन काकू माघारी गेल्या.

माझा मामेभाऊ त्याच टॉकीजात सिनेमाचं मशीन चालवायचा. तुटलेली पट्टी जोडायला तो घरी आणायचा. रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेले आणि म्हटलं, "दादा, ते उलटे पाय कसे काढले रे त्यायनं?"

"कोणते पाय?" तो हसला. "ये, दाखवतो. चूल विझव पहिले, हे फिल्म लगेच पेटते."

त्यानं फिल्मची पट्टी खिडकीपाशी उजेडात धरली. दार. पाठ, तीही कमरेपर्यंतच. दिवा. मग हातभर नुसती काळी पट्टी. त्यानंतर दुसरीच एक बाई, तोंड उघडलेली.

"आन किंकाळी?"

त्यानं काळ्या पट्टीच्या कडेला बोट ठेवलं. तिथं करवतीच्या दातांसारखी बारीक रेघ होती. "हा आवाज. इथं चित्रच नाई. आधी पांढरं लुगडं दाखवलं, मंग अंधार केला, मंग ओरडले. मधलं भूत तुम्हीच बसवलं."

मी पट्टी दोनदा पाहिली, तिसऱ्यांदाही पाहिली. पाय नव्हतेच. माझ्या अंगावर काटा आला. टॉकीजात आला होता त्याहून मोठा.

घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापता थापता थांबल्या. "म्या माह्या डोळ्यानं पाह्यले. पट्टीतून कापून टाकले असतील."

मी काकूंकडे गेले. त्या ओसरीवर कापूस पिंजत होत्या. मी सगळं सांगितलं: दार, पाठ, काळी पट्टी, करवतीची रेघ. शेवटी म्हणाले, "मी दार लावलं काकू. चुकलं माह्यं."

त्यांनी पिंजलेला कापूस बाजूला सारला. मग म्हणाल्या, "तो नमुना तं आत्ता आला, बाई. माहा नवरा गेला तवापासून लगनाच्या घरी मले कोणी बलावत नाई. तवा कोणी दाखवली होती पट्टी?"

चार वर्गांना शिकवणारी मी, त्या ओसरीवर खांबाला धरून उभी राहिले. त्यांनी सरकून जागा केली तेव्हा बसले.

समोरचं दार काकूंसाठी महिनाभरानं उघडू लागलं. काकू मात्र आमच्याकडे वाती द्यायला पुन्हा आल्या नाहीत. मीच जाऊन आणायची. भुताचा तो सिनेमा त्याआधीच लागला होता. जाऊबाई पाहून आल्या आणि म्हणाल्या, "त्यात पायच दाखवले नाईत वं." त्यांचा चेहरा अगदी उतरला होता.