बॅरिस्टरीणबाईंचं ‘काहून’

माझी नात हल्ली कानात बोंडं घालून रहस्यनाटकं ऐकते. पोळ्या लाटताना, बसमध्ये, अंथरुणावर पडल्या पडल्या. ऑडिओ ड्रामा म्हणतात म्हणे त्याला, आणि ते म्हणे पुन्हा आलंय. एकदा तिनं एक बोंड काढून माझ्या कानात घातलं. धुकं, लांबवर कुत्रं, जिन्यावर कोणाची तरी पावलं. मी डोळे मिटले आणि थेट नागपूरच्या रेडिओ केंद्रातल्या त्या गालिच्याच्या खोलीत पोहोचले. नात म्हणाली, आजी झोपलीस की काय. झोपते कसली, मी आपली तिथं दाराशी उभी होते.

त्या खोलीच्या मधोमध खरोखरच एक दार उभं होतं. चौकटीसकट नुसतं दार. मागे घर नाही, पुढे अंगण नाही, पण कडी-कोयंडा शाबूत आणि बिजागरी मुद्दाम तेल न घातलेली. नभोनाट्यात कोणी आलं-गेलं की ते उघडायचं. शेजारी खोक्यात मुरूम असायचा, त्यावर चाललं की बंगल्याची वाट. सुपात ज्वारी घोळली की पाऊस. भिंतींनासुद्धा गालिचे होते, त्यामुळे आत शिरलं की बाहेरचं नागपूर पार पुसून जायचं आणि आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटायचा. मला ती खोली फार आवडायची. इतकी की वर्गात बसूनही मी तिथंच असायची.

मी तेव्हा एम.ए.ला होते, सत्तरच्या आसपासची गोष्ट. गाव उमरेडच्याही पुढं, घरी शेती आणि मिरचीचं पीक. गावात ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हीच भाषा. नागपुरात येऊन मी ती घासूनपुसून काढली होती. आरशासमोर उभी राहून ‘मला, तुला, का’ असं म्हणत बसायची, मैत्रिणी हसायच्या. पण त्या जोरावरच रेडिओवर निवड झाली आणि पहिल्याच नाटकात नायिका मिळाली. रहस्यमालिका होती, दर गुरुवारी संध्याकाळी एक भाग. थंड हवेच्या गावातला बंगला, बॅरिस्टरसाहेबांचा खून, आणि मी त्यांची पत्नी, पुण्यात वाढलेली, अतिशय शुद्ध बोलणारी. चैत्रातलं ध्वनिमुद्रण. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी मनातल्या मनात खांद्यावरची शाल सावरत वसतिगृहावर परतत होते. वाटेतली कडुनिंबाची झाडं मला धुक्यात बुडालेली दिसायची. कोणी हाक मारली तर ऐकू यायचं नाही.

घोळ झाला तो नावांचा. आमचे निर्माते म्हणाले, या मालिकेत कलाकारांची नावं शेवटच्या भागातच सांगायची. कारण ऐकणारे मोठे पोचलेले होते. अमका आवाज म्हणजे नेहमीचा खलनायक, हे त्यांना पाठ होतं, नाव कळलं की खुनी कळलाच. युक्ती चांगली होती, मला मात्र ती भोवली. मी घरी मोठ्या तोऱ्यात सांगून आले होते की रेडिओवर मी आहे, ऐका. बाबांनी गावभर सांगितलं. दर गुरुवारी शेजाऱ्यांच्या ओसरीवर रेडिओभोवती सगळे जमायचे, माय पुढं बसायची. आणि कोणालाच मी सापडेना.

बाबा इतवारीच्या बाजारात मिरचीची पोती घालायला यायचे, तिथून वसतिगृहावर. या वेळी आले ते बसलेच नाहीत.

“गावभर सांगतलं मी,” ते म्हणाले. “लोक आयकतात. तुहा आवाज तं कोठीच नाही. लोक इचारतात, मंग पोट्टी नागपुरात करून काय राहिली? काय सांगू मी त्याइले?”

“बाबा, ती बॅरिस्टरची बायको मीच आहे.”

“ते तं पुण्याची बाई होय. तुही मायही तेच म्हनते.”

मायही तेच म्हणते, हे माझ्या जिव्हारी लागलं. बाकीचे गेले खड्ड्यात, पण जिनं मला बोलायला शिकवलं तिला माझा आवाज ओळखू येऊ नये? आणि बाबा पुढचं बोलले ते आणखी वाईट होतं. एक स्थळ आलं होतं. अक्षय तृतीयेच्या आत उरकून टाकायचं, परीक्षा द्यायची तर सासरहून दे, रेडिओ-बिडिओ बंद. रविवारी मायला घेऊन येतो, सामान बांधून ठेव, असं म्हणून ते निघूनही गेले. मी केंद्रातून चिठ्ठी आणून त्यांच्या तोंडावर टाकू शकले असते. आणली नाही. माझं डोकं तेव्हाही असंच होतं, ज्याला पटत नाही त्याला पुरावे देत बसायचं नाही. खोलीत जाऊन मात्र मी उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी आमचा पुढचा भाग मुद्रित व्हायचा होता. प्रसंग असा की बॅरिस्टरीणबाईंना कळतं, नवऱ्यानं मरण्यापूर्वी बंगला परक्याच्या नावे केलाय. ती त्याच्या बंद खोलीच्या दाराशी उभी राहून रडते आणि विचारते, का, का केलंत तुम्ही असं. लाल दिवा लागला. सूप हललं, पाऊस सुरू झाला. मी त्या घर नसलेल्या दाराला हात लावला, आणि पलीकडं बॅरिस्टर नव्हतेच. पलीकडं बाबा पाठमोरे चालले होते, मिरचीच्या रिकाम्या पोत्यांची वळकटी काखेत मारून. मी बोलले, रडले, लाल दिवा विझला. निर्मात्यांचे डोळे भरून आले होते. सुपवाल्यानं नाक पुसलं. सगळे म्हणाले, वा, एका दमात झालं.

मी म्हणाले होते, “काहून? काहून केलंत तुम्ही असं?”

आणि त्या खोलीत एकाच्याही कानाला ते खटकलं नाही. खटकणार कसं. निर्माते पुसदचे, सुपवाला कामठीचा, बंगल्यातले डॉक्टर झालेले नट वरूडचे. सगळी माणसं घरी ‘काहून’वालीच. आम्ही शुद्ध भाषेचा सदरा वरून चढवला होता इतकंच, आत गंजी गावचीच होती.

गुरुवारी ते हवेवर गेलं आणि शुक्रवारी नागपुरात दुसरा विषय नाही. बर्डीवर संत्रीवाल्याशी एक गिऱ्हाईक तावातावानं बोलत होतं, बॅरिस्टरची बायको नकली आहे, पुण्याची म्हणवते अन् काहून म्हणते, तिनंच मारलं त्याले. आमच्या मेसमध्ये दोन तट पडले. केंद्रात गेले तर निर्माते कपाळाला हात लावून बसलेले. नाटकात खुनी होते डॉक्टर, आणि इकडं अख्ख्या विदर्भानं मला फासावर चढवलं होतं. लेखक मात्र खुशीत. शेवट बदलतो, म्हणाले, एका शब्दानं पकडली गेलेली तोतया बायको, असं मला सुचलं असतं का जन्मात? शेवटच्या भागाला मी नागपुरात असेन की नाही याचाच पत्ता नव्हता.

रविवारी सकाळी ते दोघं आले. वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत लांब बाकडं होतं, माय त्यावर बसली. बाबा नियमांच्या पाटीकडे तोंड करून उभे राहिले. मी सामान बांधलं नव्हतं. भांडायचं ठरवून, तोंड धुऊन, वेणी आवळून खाली उतरले होते.

मायनं माझा हात ओढून मला जवळ बसवलं. तळहात चाचपत राहिली, मी लहान असताना काटा शोधायची तशी.

“इतके गुरवार आयकून राहिली मी,” ती म्हणाली. “ते बाई लय चांगली बोले. पन मले वाटे, हे कोनी मोठ्या घरची होय, आपल्याले काय तिचं. या गुरवारी ते काहून म्हनली अन् मी उठूनच उभी झाली. म्हटलं, बंद करा, हे माही पोट्टी रडून राहिली. नाटक-बिटक काही नोय.”

“नाटकच होतं माय.”

“मले नको शिकवू. तू नाटकात रडते कशी अन् खरी रडते कशी, मले नाही समजत का वं?”

वर्षभर घासून घासून मी जी भाषा काढून टाकली होती, तिच्याबरोबर मी स्वतःलाच आईच्या कानातून काढून टाकलं होतं, हे तेव्हा त्या बाकड्यावर मला कळलं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, ती मला पुन्हा सापडली म्हणून बरं वाटलं. मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं. पदराला मिरचीचा झणझणीत वास होता, डोळे चुरचुरत होते, तरी उठावंसं वाटेना.

बाबा अजून पाटीच वाचत होते. त्या पाटीवर वाचण्यासारखं एवढं काही नव्हतं. तोंड न वळवता ते म्हणाले, “ते काहून मले होतं का?”

मी डोकं वर केलं. खोटं बोलता आलं असतं. नाटकातला संवाद होता, चूक झाली, जीभ घसरली, काहीही. त्यांना तेच ऐकायचं होतं असंही वाटलं.

“हो,” मी म्हणाले. “तुमालेच होतं.”

ते वळले. माझ्याकडे पाहिलं नाही, मायकडे पाहिलं. धोतराचा सोगा झटकला, पायात वहाणा सरकवल्या.

“चाल वं,” ते मायला म्हणाले. “उमरेडची मोटर निघून जाईन. हे राहते इथीच.”