वर्तुळाबाहेरचे ठिपके

अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या सर्वांत जास्त ऊर्जेच्या वैश्विक किरणांवर मी पीएच.डी. करत होते. या किरणांतले कण फार क्वचित सापडतात. ते हलके प्रोटॉन आहेत की लोखंडासारखी जड अणुकेंद्रं, आणि येतात कोणत्या दिशेनं, एवढंच शोधायचं होतं. त्यात पाच वर्षं गेली. आकाशाच्या नकाशावर कणांच्या दिशा दाखवणारे ठिपके एका जागी दाट दिसले म्हणून मी त्यांच्याभोवती वर्तुळ काढलं. सगळा प्रबंध त्या वर्तुळावर उभा होता.

शेवटचं प्रकरण लिहायला मी आसगावला घरी आले. धानाची कापणी सुरू होती. एका दुपारी परदेशातल्या वेधशाळेचा नवा डेटा आला. नवे ठिपके वर्तुळात पडलेच नाहीत.

जड कणांवर विद्युतभार जास्त, म्हणून ते चुंबकीय क्षेत्रात जास्त वळतात, असं स्वतःला सांगून मी वर्तुळ मोठं केलं. मग जरा सरकवलं. तिसऱ्यांदा सरकवल्यावर दाटी पुन्हा दिसली आणि मी काय करतेय ते लक्षात आलं. मला हवं तेच उत्तर मी त्या ठिपक्यांकडून वदवून घेत होते.

आई अंगणवाडीतल्या कामावरून परत आली तेव्हा मी जमिनीवर बसून रडत होते.

“काहून रडून राहिली?”

“माहं सारं चुकलं, आई. त्या दिशेनं काहीच येऊन नाही राहिलं.”

तिनं स्क्रीनकडे पाहिलं. “थोडंसं इकडंतिकडं करून भागत नसन का?”

कुपोषण दिसू नये म्हणून अंगणवाडीतल्या पोरांची वजनं वाढवून लिहायला सांगितली, तेव्हा साहेबाशी भांडलेली बाई ती.

“तू असं म्हणून राहिली?”

“मंग काय म्हणू? तुही हालत पाहवत नाही मले. संपव न माय हे एकदाचं.” बोलता बोलता तीही रडायला लागली.

संध्याकाळी मी मार्गदर्शक मॅडमना सगळं खरं कळवलं. सकाळी उत्तर आलं : वर्तुळाचा दावा काढा, दाटी दिसली नाही तर तसंच लिहा. फेलोशिप वाढणार नाही.

जवळच्या पवनीतल्या एका शिकवणीवर्गात शिकवत मी प्रबंध पुन्हा लिहिला. त्याला दोन वर्षं लागली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “मग हे कण येतात तरी कुठून?”

“माहीत नाही, सर.”

पदवी मिळाली. शिकवणीवर्ग मात्र सुटला नाही. बाहेर संशोधनाच्या जागांसाठी केलेल्या अर्जांना नकार येतात, काहींना तर उत्तरच येत नाही.