पहिली टाळी

सभेत टाळी कधी वाजवायची हे मला मुकादमाने शिकवलं. त्यात शिकायचं काय, असं वाटेल कुणाला. पण आमच्याकडच्या बायका टाळी वाजवत नसत. भाषणाला बसवलं की पदर तोंडाला लावायच्या, मांडीवरचं लेकरू थोपटायच्या, आणि स्टेजवरचा माणूस बोलबोल बोलून घाम पुसत खाली बसायचा. मग मुकादमाला वरून बोलणी बसायची. त्याने एक बघून ठेवलं होतं. कामावरच्या सगळ्या बायकांची लेकरं माझ्या ताब्यात असत, त्यामुळे मी उठले की त्या उठत, मी बसले की बसत. मला म्हणाला, "बाई, तू फक्त सुरू कर. साहेब बोलता बोलता थांबले की वाजवायची. काय बोलले ते बघत बसू नको."

दुष्काळाचे दिवस होते. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं, त्यामुळे पुढारी सारखे यायचे. नव्या जिल्ह्याला तोंड दाखवायचं, कोनशिला बसवायची, आणि जाताजाता दुष्काळी कामावर एक सभा घ्यायची. आमच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. बायका माती वाहायच्या, खडी फोडायच्या. मी मॅट्रिक झालेली, वीस वर्षांची. मला कामावरच्या पाळणाघरात ठेवलं. पाळणाघर म्हणजे चार मेढी, वर तुराट्यांचं छप्पर आणि लुगड्याच्या झोळ्या. आई दम्याने अंथरुणाला खिळलेली होती, घरात कमावती मी एकटीच. सभेच्या दिवशी काम बंद असायचं, पण हजेरी लागायची. सभेला बसलं तर लागायची, न बसलं तर नाही.

त्या पाळणाघरात आमच्याच बौद्धवाड्यातल्या एका बाईचं आठ महिन्यांचं लेकरू असायचं. नात्याने ती माझी कुणी नव्हती, पण दोन घरं सोडून राहायची आणि मी तिला वहिनी म्हणायचे. नवरा निजामाबादकडे कामाला गेलेला. वहिनी मोठी तोंडाळ. मला चिडवायची, की दुसऱ्याची लेकरं सांभाळून सांभाळून तुला तुपलं सोताचं लेकरू नकोसं होईल बघ. दुपारी लेकराला पाजायला यायची आणि जाताना माझ्या डब्यातली अर्धी भाकर उचलून न्यायची. मला ती लई आवडायची.

टँकर दिवसाआड यायचा आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आडात पाणी सोडायचा. तिथे आमच्या वाड्यातल्या बायकांचा नंबर शेवटचा. एके दिवशी तो लागलाच नाही, आडाचा तळ दिसला. टँकरवरचा माणूस वहिनीला म्हणाला, टाकीत दोन घागरी पाणी उरलंय, गाडी तलावाच्या रस्त्याला उभी करतो, तिकडं ये. ती गेली. परत आली ती पाळणाघराच्या मेढीला टेकून बसली. घागर रिकामी होती. लेकरू रडून लाल झालं तरी तिने हात पुढे केला नाही. काय झालं ते तिने मला दोन वाक्यांत सांगितलं. ती दोन वाक्यं मी इथे लिहिणार नाही. ती तिची आहेत.

चौकीवर मीच तिला घेऊन गेले. पहिल्या दिवशी साहेब नाहीत म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी नवरा कुठंय म्हणून विचारलं आणि परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला मी माझ्या हाताने अर्ज लिहून नेला आणि त्यावर शिक्का पडेपर्यंत उंबऱ्यावरून हलले नाही. तेव्हा मी अशी होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

अर्ज देऊन पंधरा दिवस झाले, कुणी फिरकलं नाही. तो माणूस त्याच टँकरवर येत राहिला, त्याच आडावर. आणि मग सभा लागली.

मुकादमाने मला पहिल्या रांगेत बसवलं. वहिनी माझ्या शेजारी, मांडीवर लेकरू. येऊच नको असं मी तिला म्हणाले होते. ती म्हणाली, आले न्हाई तर हजेरी जाईल आणि वर लोक म्हणतील तोंड लपवती. म्हणून आली. पुढारी मोठा गोड बोलणारा. दुष्काळावर बोलला, नव्या जिल्ह्यावर बोलला, आणि तो थांबला की मी टाळी वाजवत होते. माझ्यामागे सगळ्या बायका वाजवत होत्या. मुकादम कडेला उभा राहून खुशीत मान हलवत होता.

तेवढ्यात विरोधी पक्षाच्या कुणीतरी स्टेजवर चिठ्ठी पाठवली. टँकरवरच्या माणसाबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, असं काहीतरी त्यात असणार. पुढाऱ्याने ती वाचली, हसला, आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हणाला, "दुष्काळ मोठा वाईट. विहिरी आटल्या तशी लोकांची लाजबी आटली. आता पाण्याबरोबर लाजेचाबी टँकर सरकारनेच पाठवावा का?"

आणि तो थांबला.

मी टाळी वाजवली.

ऐकलं नव्हतं असं मी कैक वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. शब्द न शब्द कानावर पडला होता. पण कानातून आत पोहोचायच्या आधी हात उठले होते, आणि एकदा उठलेले हात मला थांबवता आले नाहीत. मागे दीडशे बायका टाळ्या वाजवत होत्या. पुरुष तर खदाखदा हसत होते. मी शेजारी बघितलं. वहिनी पण वाजवत होती. तोंडावर कसलंतरी हसू होतं, लहान लेकराला ओरडल्यावर ते आधी हसतं आणि मग रडतं तसलं. लेकराच्या पाठीमागून हात काढून ती टाळी वाजवत होती. नेमका तेव्हाच पेपरवाल्याने फोटो काढला.

त्यानंतर त्या एका वाक्याने आमचं जगणं हराम केलं. पानाच्या टपरीवर तेच, एसटीत तेच. आडावर बाई दिसली की कुणीतरी म्हणणार, लाजेचा टँकर आला का? त्या टँकरवाल्याला तर लोक हसत हसत विचारायचे, आज काय भरून आणलंस. माझी सख्खी मावशी भेटायला आली आणि आईपाशी बसून तेच सांगून हसली. तिला कळेना मी ताटावरून का उठले. पाळणाघरातली चार-पाच वर्षांची पोरं टँकर टँकर खेळायला लागली तेव्हा मात्र मी एकीच्या पाठीत धपाटा घातला आणि नंतर तिलाच जवळ घेऊन रडत बसले. त्या पोरीला बिचारीला काय माहीत.

लातूरला मात्र निराळं घडलं. तिथल्या मास्तरणी, कॉलेजच्या पोरी, दवाखान्यातल्या नर्सा दंडाला काळ्या फिती बांधून रस्त्यावर उतरल्या. शब्द मागे घ्या म्हणून मोर्चा नेला. आम्हाला पेपरात वाचून कळलं. मी तो पेपर वहिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, ह्या बाया मला वळखत बी न्हाईत आन् माझ्यासाठी उन्हात चालल्या? मी म्हटलं, हाव. त्या दिवशी तिने बऱ्याच दिवसांनी माझ्या डब्यातली भाकर मोडली.

दोन दिवसांनी पुढाऱ्याचा खुलासा आला. माझ्या बोलण्याचा विपर्यास केला, असं तो म्हणाला, आणि पुढे म्हणाला की समोर बसलेल्या भगिनींनीच माझ्या वाक्याला टाळ्या वाजवल्या, मग अपमान झाला कुणाचा? खाली आमचा फोटो. मी आणि वहिनी, पहिल्या रांगेत, हात जुळलेले, दात दिसताहेत.

मोर्चामुळे एवढं झालं की अर्ज हलला. चौकशीला एक साहेब नेमला आणि वहिनीला जबानीसाठी लातूरला बोलावणं आलं. ह्या जबानीवर सगळं होतं. ती नीट झाली तर तो माणूस आत जाणार, नाही तर अर्ज फाइलबंद होणार, हे मोर्चातल्या एका बाईने पत्र पाठवून आम्हाला स्पष्ट कळवलं होतं. सोबतीला मी निघाले. आमच्यासोबत मुकादमही निघाला, न बोलावता. एसटीत माझ्या मागच्या सीटवर बसला आणि वाकून हळूच म्हणाला, की सभेत कुणी बसवलं, कुणी काय सांगितलं हे तिथं काढायचं नाही. पाळणाघराला दुसरी बाई मिळायला येळ लागत न्हाई. आईचं औषध कसं चाललंय, असंही त्याने लगेच विचारलं.

साहेबाच्या खोलीला नवा रंग दिला होता, त्याचा वास डोक्यात जात होता. मुकादम बाहेर बाकावर बसला. दार उघडंच होतं. वहिनीने सगळं सांगितलं, न अडखळता, खाली मान घालून. साहेब वाईट नव्हता. पाणी दिलं, मध्ये बोलला नाही. सगळं झाल्यावर त्याने खणातून तो पेपर काढला आणि टेबलावर पसरला.

"ह्या तुम्हीच ना?" तो म्हणाला. "ज्या बाईवर असा प्रसंग आलाय ती ह्या वाक्यावर टाळ्या वाजवेल का? मला वरती उत्तर द्यायचंय."

वहिनीने फोटो बघितला. मग पहिल्यांदा मान वर केली.

"आमाला आयकायला न्हेलं नव्हतं, साहेब. टाळ्या वाजवायला न्हेलं होतं."

साहेबाने लिहिता लिहिता पेन थांबवलं. म्हणाला, हे महत्त्वाचं आहे, पण ह्याला साक्ष कोण? कुणी नेलं, टाळी कुणी सुरू करायला सांगितली, हे सांगणारं कुणी आहे का? वहिनीने माझ्याकडे बोट केलं. किती खात्रीने केलं. चौकीच्या उंबऱ्यावरून न हलणारी बाई तिच्या डोळ्यांपुढे होती ना.

साहेबाने मला विचारलं. बाहेर बाक करकरला. मी भिंतीकडे बघितलं. रंगाचा एक ओघळ खालपर्यंत आला होता, तेवढं मला आजही दिसतं.

मी म्हणाले, "लक्षात न्हाई, साहेब."

त्याने ते तसंच लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत वहिनी माझ्याशेजारी बसली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मी पायच धरले असते तिचे. दुसऱ्या दिवशी तिने लेकरू पाळणाघरात आणलं नाही. खडीच्या ढिगाशेजारी एक बाभूळ होती, तिच्या फांदीला स्वतःची झोळी बांधली आणि उन्हात लेकराला तिथे टाकून खडी फोडत बसली. माझ्याकडे छप्पर होतं, सावली होती, पाण्याचा डेरा होता. महिनाभर ती झोळी मला पाळणाघरातून दिसत राहिली. बायका विचारायच्या, काहून गं, काय बिनसलं दोघींचं? मी म्हणायचे, काही नाही. मग एक दिवस तिचा नवरा आला आणि तिला निजामाबादला घेऊन गेला. पुन्हा ती दिसली नाही. अर्ज फाइलबंद झाला. टँकर पाऊस पडेपर्यंत येत राहिला, त्याच माणसाचा. माझी नोकरी टिकली. आई त्यानंतर दोन वर्षं जगली.

आता मी नांदेडला लेकीकडे असते, विष्णुपुरीच्या रस्त्याला. परवा टीव्हीवर एक पुढारी असंच काहीतरी बरळला. पुढारी बदलतात, तोंडं तीच. लेक नुसती पेटली. फोनवर मैत्रिणींशी बोलली, काय काय लिहिलं, संध्याकाळी त्या सगळ्या पुतळ्यापाशी जमणार होत्या. चप्पल घालता घालता माझ्याकडे वळून म्हणाली, आई, तुमच्या वेळी पण हे असंच बोलायचे ना? मग तुम्ही बायका गप्प कशा बसायच्या?

मी तिला बस म्हटलं. उशीर होतोय म्हणाली, तरी बस म्हटलं. आजवर हे मी तिच्या बापालाही सांगितलं नव्हतं.

"सभेत आम्ही गप्प नव्हतो बसलो," मी म्हणाले. "टाळ्या वाजवल्या. पहिली मी वाजवली. गप्प मी नंतर बसले, जेव्हा एका बाईने माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा."